डावीकडे ओढणारी गाडी

जगात कारणाशिवाय काहीही घडत नाही. हे मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ते जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकलं नाही.

गाडी दादाची. एकोणीस वर्षांची पिकअप, दोन दारं दोन रंगांची. दादा गेल्यावर वहिनींची रोपवाटिका तिच्यावरच चालायची होती. मी गाडी चालवायचो, वहिनी शेजारी डावीकडे बसायच्या, आणि गाडी डावीकडे ओढायची.

कारण सापडल्याशिवाय गाडी परत द्यायची नाही, हा मिस्त्रीचा नियम. "नाही सापडलं तर भंगारात घाला, ताई. स्टिअरिंगशी थट्टा नको."

"मग आधी भावजींना घाला," वहिनी म्हणाल्या. "ते गाडीपेक्षा जुने आहेत."

मिस्त्रीने मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर टेकवला, खांद्याने धक्का देऊन पाहिला आणि मगच खाली शिरला. चाक दोन्ही हातांनी हलवलं, तर टकटक वाजलं. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे सांधे झिजले होते. त्याने नवे घातले, नव्या पिना ठोकून वाकवल्या. हात पुसतोय तोच पुढची चाकं सावकाश डावीकडे वळली.

"वरून ओढत असेल." त्याने स्टिअरिंगचा दांडा खालच्या सांध्यापाशी सोडवला, तारेने बाजूला बांधला आणि बोल्ट माझ्या हातात ठेवला. "सांभाळा, प्रोफेसर. एवढाच आहे."

आता स्टिअरिंगचा आणि चाकांचा काही संबंध उरला नव्हता.

वहिनी डावीकडच्या बाकावरून उठल्या आणि गाडीसमोरून पलीकडच्या नळाकडे पाणी प्यायला गेल्या.

चाकं त्यांच्याबरोबर वळली.

घाई नव्हती. ओळखीची हाक ऐकून माणूस मान वळवतो, तशी.

त्या परत आल्या. चाकं परत आली.

मिस्त्रीने टोपी काढली. मी पाय जुळवून उभा राहिलो. राष्ट्रगीताला राहतो तसा.

"सापडलं का कारण?" बाकावर बसत वहिनींनी विचारलं.

"सापडलं." त्याने टोपी पुन्हा घातली. "आता तुम्हीच चालवायची, ताई. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही."

त्याने गाडी खाली उतरवली. वहिनी स्टिअरिंगवर बसल्या. रस्त्यावर गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली, आणि कोपऱ्यावर अलगद वळली.

दोन महिन्यांनी त्या पुढचे टायर दाखवायला आल्या. कॉलेजातून मीही पोचलो. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"प्रोफेसर," खालून हळूच आवाज आला, "बोल्ट कुठाय?"

वर्गात घालायचा माझा कोट एकच आहे. खिशात हात घातला. होता.

मी वाकून पाहिलं. दांडा अजून तारेने बाजूला बांधलेला होता. तारेवर धूळ बसली होती.

"काय हो, टायर बदलायचे का?" वहिनींनी बाहेरून विचारलं.

"नको, ताई," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही अगदी एकसारखे झिजलेत."