बिऱ्हाडाचं इंजिन

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आपलं चाकांवर, असं म्हणून आप्पांनी त्या गाडीचं नावच बिऱ्हाड ठेवलं होतं. आत घडीचं टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि पसरला की पलंग होणारा बाक. तीस वर्षांची जुनी डिझेल गाडी. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे होते, आणि त्यांची एकुलती एक लेक बेचाळिसाची. तिला ते लहानपणापासून ठमी म्हणत. ठमी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाटलीतलं पाणी कितीही नितळ दिसो, कागदावर आकडा उमटल्याशिवाय बाईंचा विश्वास बसायचा नाही.

दोन वर्षांपासून आप्पांची आठवण विरत चालली होती. घरात ते लेकीलाच अहो-जाहो करत, कोण कुठल्या बाई म्हणून अदबीने वागत. पण बिऱ्हाडात बसवून इंजिन सुरू केलं की दहा-बारा मिनिटांत त्यांची मान वळायची. "ठमे, गिअर किती घासतेस गं!" बस्स. तेवढ्या एका वाक्यासाठी ती रोज संध्याकाळी गावाबाहेर चक्कर मारायची. गाडी बंद, की ओळख बंद. महिनाभर तिने हे नीट पडताळून पाहिलं होतं.

त्यातच घात झाला. एका संध्याकाळी आप्पा रंगात येऊन तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होते, आणि उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात चढत होता. काटा तिला दिसत होता. तरी तिने गाडी थांबवली नाही. गोष्ट पुरी झाली आणि इंजिन जे जाम झालं ते झालंच.

गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिन उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. काटा वर जात असताना ताई काय आरती ओवाळत बसल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. हे इंजिन आता संपलं होतं. नवं मोठं इंजिन बसवता आलं असतं, ताकदीचं आणि टिकाऊ, फक्त पुढची बैठक कापावी लागली असती आणि आवाज बदलला असता. नाहीतर याच जातीचं जुनं शोधायचं, पण ते बनणं थांबूनही वीस वर्षं होऊन गेली होती. ठमी म्हणाली, आवाज तोच हवा. लोक मायलेज विचारतात, ही बाई आवाज विचारते, म्हणून मिस्त्री हसले. घरी आप्पा त्या संध्याकाळपासून तिला फक्त 'बाई' म्हणत होते, हे तिने त्यांना सांगितलं नाही.

पुष्कळ फोन फिरवल्यावर सिमेंटच्या गोदामांमागच्या एका भंगारवाल्याकडे ते सापडलं. तीच जात, तेच साल. ज्या गाडीतलं ते होतं ती बाजूलाच उभी होती, अगदी बिऱ्हाडासारखी. कुठे ठोकर नाही, गंज नाही. भंगारात का आली, ते कळेना. मिस्त्रींनी तारा जोडून इंजिन तिथेच सुरू केलं, चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही आकडे तंतोतंत सारखे आले. असं जुन्या इंजिनात होत नाही, असं पुटपुटत त्यांनी पुन्हा मोजले. तेच आकडे. ठमीला आकडे आवडले.

भंगारवाला मात्र मान खाजवत उभा होता. "खोटं सांगत नाही ताई. हे दोनदा विकलं गेलं आणि दोनदा परत आलं."

"खराबी काय होती?"

"खराबी नाहीच. त्यांनी पैसेसुद्धा परत मागितले नाहीत. उतरवून ठेवलं आणि गेले."

मिस्त्रींनी ठमीकडे बघितलं. ठमीने भंगारवाल्याला टेम्पो कधी मिळेल ते विचारलं.

इंजिन बसलं. मिस्त्रींची जुनी सवय अशी, की काम झालं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि आत काही खडखडतंय का ते ऐकायचं. त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग कान पुसला आणि "गोड चालतंय" म्हणाले. चाचणीची फेरी मात्र ताईंनीच मारावी, आपल्याला घाई आहे, असं सांगून ते आत निघून गेले.

आप्पांना बारा मिनिटं लागलीच नाहीत. किल्ली फिरवली आणि ते मोकळं हसले. "ठमे, वेणी आत घे. खिडकीबाहेर काय सोडतेस?"

ठमीला रडू आलं. पाच आठवड्यांनी नाव ऐकलं होतं. बराच रस्ता मागे पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिने जन्मात कधी वेणी घातली नव्हती. लहानपणापासून केस कापलेलेच. आणि आप्पा बोलताना तिच्याकडे नाही, मागच्या बाकाकडे बघत होते.

मेंदू फटी बुजवतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच. तिने तेच धरून ठेवलं. दगडापेक्षा वीट मऊ.

आप्पा रोज सुधारत गेले. शर्टाची बटणं स्वतः लावू लागले, वाटा सांगू लागले. एका तळ्याची गोष्ट ते रोज सांगत. बांधाची वाट, शेवटचं अवघड वळण, तिथे ठमीला झालेली उलटी. ठमीने आत्याला फोन करून विचारलं. आत्या म्हणाली, अशा कुठल्या तळ्यावर आपण कधी गेलोच नाही. ठमीने नकाशा उघडला. तळं होतं. बांध होता. वळणही होतं.

हळूहळू गाडी बंद असतानाही ते गप्पा मारू लागले, हसू लागले. फक्त तिच्याशी नाही. ती शेजारी येऊन बसली की गप्प होत, पाहुणं माणूस आल्यावर घरची बोलणी थांबावीत तसे. ठमीला मत्सर वाटला. नसलेल्या पोरीचा मत्सर, आणि त्याची लाजही.

मग एका सकाळी आप्पांनी तिला हात जोडले.

"बाई, तुम्ही माझं फार केलंत. आता माझी मुलगी आली आहे. यापुढे ती बघेल."

ठमीने मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. मग मिस्त्रींना फोन लावला. इंजिन काढा, दुसरं कसलंही बसवा, आवाज कसाही चालेल. मिस्त्रींनी का म्हणून विचारलं नाही. "लगेच या," एवढंच म्हणाले.

आप्पांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. तिने त्यांना पुढे शेजारी बसवलं आणि किल्ली फिरवली. इंजिन गोड चाललं.

"आप्पा," ती म्हणाली, "माझ्याकडे बघा. मी ठमी."

त्यांनी बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. कीव होती.

"ती म्हणालीच होती, तुम्ही असं म्हणाल."

ठमीने किल्ली बंद केली. इंजिन थांबलं नाही. तिने किल्ली काढून हातात घेतली. इंजिन चालूच राहिलं.

जुन्या डिझेलचं असं होतं कधीकधी, तिला माहीत होतं. हाताने डिझेल तोडलं की बंद पडतं. ती खाली उतरली आणि पुढे गेली.

मागे दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तिने दारं ओढून पाहिली. काच वाजवली. आप्पांनी वर बघितलंच नाही. ते उठून मागच्या बाकावर जाऊन बसले होते, पाठमोरे, मान किंचित खाली घालून.

गेल्या दीड वर्षात त्यांनी कुणालाही डोक्याला हात लावू दिला नव्हता. ठमीने कंगवा उचलला तरी ते ओरडत.

आता ते शांत बसले होते. आणि त्यांच्या विस्कटलेल्या पांढऱ्या केसांत, कपाळापासून मागे, अगदी सावकाश, एक सरळ भांग पडत चालला होता.