सात दावणी, एक डीव्हीडी

बसलिंग पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा लाइट गेलेली होती आणि शिवकांता जुन्या वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. गळ्यात कॅमेरा, भुवयांपर्यंत धूळ. तिला वाटलं, लग्नाचं शूटिंग असेल.

"यंदा कुठली लग्नं, मॅडम? वऱ्हाडाला पाणी कोण पाजणार?" तो म्हणाला. "गायींचं हाय. नवरीपेक्षा बऱ्या. एकदा हाक मारली की कॅमेऱ्याकडं बघतात."

ती हसली, मग आपण हसलो म्हणून तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं.

शिवकांता मूळची नांदेडची. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली आणि देवणीला चन्नबसप्पामामांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मदतीला आली. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली होती. दर आठवड्याला तिचं चित्रीकरण लातूरच्या ऑफिसात पाठवायचं. त्यात दिसतील तेवढ्याच जनावरांना पुढचा चारा. उदगीरचा नवा जिल्हा झाला की लातूर गाठायची कटकट संपेल, असं मामा रोज म्हणत. तोवर लातूरच.

छावणीत सात दावणी होत्या, जनावरं बांधायच्या सात रांगा. प्रत्येकीची एक, अशा सात व्हिडिओ फिती, एकेक ६८० एमबीची. सगळं एका डीव्हीडीत मावेल का, असं बसलिंगनं विचारलं. तिनं डबीवरचे ४.७ जीबी बघितले, १०२४ नं गुणले आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: ४८१२ एमबी. सात फितींचे ४७६०. मावेल.

गावभर तिला ताई म्हणत. तो एकटा मॅडम म्हणायचा... आणि ती चिठ्ठी त्यानं घडी करून वरच्या खिशात ठेवली, ते तिच्या लक्षात राहिलं.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला. लातूरला पूर्वेची दावण डीव्हीडीत सापडली नव्हती. बासष्ट जनावरांचा चारा थांबला होता. उद्या अकराला बोलावणं होतं. पुरावा नसेल तर शूटिंगचं कामही जाणार होतं.

"माझ्याच हातून राहिलं असंल," तो म्हणाला. "छावणीत तसंच सांगितलं मी."

पण तिनं सातही फिती स्वतः मोजून घेतल्या होत्या. डीव्हीडी मामांनी भरली होती, म्हणून तिनं त्यांना विचारलं. मामा सहज म्हणाले, लातूरला जाणारी जीप दारात उभी होती, कॉम्प्युटर जागा नाही म्हणत होता, मग शेवटची फीत वगळली.

जागा नाही? शिवकांतानं डीव्हीडीची डबी पुन्हा हातात घेतली. कंपनी एका जीबीत हजार एमबी धरते, एका एमबीत हजार केबी, आणि तसंच खाली बाइटपर्यंत. कॉम्प्युटर प्रत्येक पायरीला १०२४ धरतो. तिनं कंपनीच्या आकड्याला कॉम्प्युटरच्या मापानं गुणलं होतं. खाली बाइटपर्यंत उतरून तिनं पुन्हा वर चढत भागाकार केले. ४४८२. तीनदा केले. तीनदा तेच.

पूर्वेची दावण तिच्या आकड्यानं उपाशी ठेवली होती.

सातवी फीत अजून कॉम्प्युटरात होती. तिनं ती दुसऱ्या डीव्हीडीत उतरवली आणि म्हणाली, उद्या मीपण येते. मामा म्हणाले, दुकानाचं नाव जाईल, त्यानं चूक घेतलीय ना अंगावर, घेऊ दे. ती एवढंच म्हणाली, "मामा, गुणाकार माझा होता."

लातूरच्या एसटीत ती सगळी वाट पर्सचा बंद पिळत होती. खिडकीबाहेर कोरड्या विहिरी मागं पडत होत्या.

ऑफिसात साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. सहाशे ऐंशी, हजार, एक हजार चोवीस... त्यांना काही उलगडेना. मग तिनं आकडे सोडले. "साहेब, लहान पायलीनं मोजलेली ज्वारी मोठ्या पायलीनं मोजली की कमी भरते. ज्वारी तेवढीच असते. मी पायली बदलायची विसरले. ह्यांची चूक नाही." आणि तसं लिहून खाली पूर्ण नावाची सही केली.

साहेबांनी डीव्हीडी लावली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके घेऊन गायी एकेक करून पडद्यावर वळून बघू लागल्या. त्यांनी बोटानं मोजल्या. बासष्ट. चारा आजच सुरू होईल, असं म्हणून त्यांनी कागदावर शेरा मारला.

स्टँडवर आल्यावर ती बाकावर टेकली. बसलिंगनं उसाचा रस आणला आणि मग खिशातून ती चिठ्ठी काढली. घडीवर झिजलेली.

"चूक ह्या चिठ्ठीत आहे, हे तुम्हाला कळलं होतं?" तिनं विचारलं. "मग दाखवली का नाही?"

"हिशोब कुठं कळतो मला? पण चिठ्ठी दिली असती तर साहेबानं ठेवून घेतली असती." तो रसाच्या ग्लासाकडं बघत म्हणाला. "तुमच्या अक्षरातलं... दुसरं काईच न्हाई माझ्याजवळ."

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर नांदेडहून वडिलांचा फोन आला. आठवडाभर तेच चाललं होतं: तिकडं पाण्याचे हाल, परत ये. ती जरा बाजूला गेली. बसलिंगच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"अप्पा, पाऊस पडेपर्यंत इथंच राहते," ती म्हणाली. "काम आहे."

परत येऊन तिनं चिठ्ठी मागितली, ४८१२ वर काट मारली, खाली ४४८२ लिहिलं आणि त्याच्या हातात दिली.

"एका डीव्हीडीत मावत नाही," ती म्हणाली. "आता दोन लागतील. सगळं एका दिवशी आणू नका... चार दावणी सोमवारी आणा, तीन गुरुवारी."

त्यानं चिठ्ठीची घडी घातली. "आन् रविवारी?"

देवणीची एसटी लागली होती. तिनं पदर सावरला, पुढं झाली आणि खिडकीजवळची जागा त्याच्यासाठी धरली.