राखण

ऊर्वीच्या हृदयाचा ठोका सांगलीत तीन फोनवर दिसायचा, पुण्यात चार, आणि मस्कतमध्ये एका. ऊर्वी साडेतीन वर्षांची होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की डाव्या काखेखाली आपल्याला एक 'दाणा' आहे आणि तो चोळायचा नाही.

दाण्याचं नाव राखण. वालाच्या दाण्याएवढं यंत्र, फासळ्यांच्या आत बसवलेलं. हृदयाचा प्रत्येक ठोका ही एक छोटीशी वीज असते. पेशींच्या भिंतीतून सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार आतबाहेर झाले, की ती उठते आणि हृदयभर पसरते. ऊर्वीच्या हृदयात ही वीज जन्मापासून अधूनमधून वाट चुकायची. चुकली की हृदय नुसतंच थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही. अशा वेळी राखणीनं बारीकसा विजेचा धक्का द्यायचा आणि हृदयाला ताळ्यावर आणायचं.

आधीच्या पिढीतल्या अशा यंत्रांना बॅटरी असायची. दर काही वर्षांनी पोराला पुन्हा टेबलावर घ्यायला लागायचं. राखणीला बॅटरी नव्हती. तिच्यात रक्तघट होता, म्हणजे रक्तातल्या साखरेवर चालणारा विजेचा घट. ऊर्वी जेवली, की राखणही जेवायची.

आणि राखण बोलायची. फोनवरचं 'आत्ता पाहा' दाबलं, की अर्ध्या मिनिटात ठोके, श्वास, रक्तातली साखर, सगळं समोर. याला झलक म्हणत. ऊर्वीची आई हेमांगी सुरुवातीला एकटीच झलक घ्यायची. पण घरात लहान मूल आजारी आहे म्हटल्यावर फोन थोडेच थांबतात? "कशी आहे गं पोर?" दिवसातून पंधरा वेळा. शेवटी ऊर्वीच्या बोरन्हाणाला, चुरमुरे-बोरं डोक्यावरून ओतून झाल्यावर, हेमांगीनं घरच्या गटावर राखणीची लिंकच टाकून दिली. घ्या, तुम्हीच बघा.

त्यानंतर पुण्याहून आत्येसासूबाईंचा सासूबाईंना निरोप यायचा, "मालन, पोर आत्ताच झोपलीय हं, मिक्सर लावू नकोस." मस्कतहून धाकटा दीर लिहायचा, "वहिनी, ठोके एकशे तीस? पळवताय का माझ्या पुतणीला?" सगळे हसायचे. हेमांगीला बरं वाटायचं. एवढी माणसं लक्ष ठेवून आहेत.

जानेवारीत बोरन्हाण झालं. मार्चमध्ये ऊर्वी जिन्यातच बसायला लागली.

"चालवत नाही," ती म्हणायची. हात गार, कपाळावर घाम. खाऊ दिला की तासभर टवटवीत, मग पुन्हा तेच. वजन दीड किलोनं उतरलं.

"दृष्ट लागलीय," सासूबाई म्हणाल्या. मालनताईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून गॅसवर टाकल्या. "बघ कशा तडतडल्या."

"आई, मोहऱ्या गॅसवर तडतडणारच," हेमांगीचा नवरा सुयश म्हणाला. तो ढालगावच्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होता. आठवड्यातून दोनदा घरी यायचा.

"तू गप्प रे. चक्क्या फिरवतोस त्या फिरव."

हेमांगी हसली नाही. तिनं 'आत्ता पाहा' दाबलं. साखर कमी. पाच मिनिटांनी परत दाबलं. अजून कमी. ऊर्वी जितकी मलूल व्हायची, तितकी हेमांगी जास्त बघायची. गटावरही कळलं होतं, तेही जास्त बघायला लागले.

मिरजेला डॉ. झरीना मुजावर यांनी राखण बसवली होती. त्यांनी ऊर्वीला तपासलं, तिला पलीकडच्या खोलीत नर्सजवळ बसवलं आणि राखणीची नोंद पडद्यावर उघडली. त्या एकेक आकडा वाचत खाली गेल्या.

"डॉक्टर, सांगा ना. हृदय बिघडलंय का?"

"हृदय आहे तसंच आहे. मला सांगा, शाळेत तुम्ही लिंबाचा घट केला होता?"

हेमांगीला कळेना, आत्ता हे काय. "केला होता. एक खिळा, एक तांब्याची तार. छोटं घड्याळ चाललं होतं."

"ते कशावर चाललं?"

"लिंबावर."

"सगळे हेच म्हणतात. लिंबाचा रस फक्त वाट करून देतो. झिजतं ते खिळ्यावरचं जस्त. जस्ताचे कण इलेक्ट्रॉन सोडून रसात विरघळतात, ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे पळतात, त्या पळण्याला आपण वीज म्हणतो. घड्याळ आठ दिवस चालवा आणि खिळा बाहेर काढून बघा. खाल्लेला दिसेल." डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "राखणीत दोन तारा आहेत. एका तारेवर विकर लावलंय. विकर म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. ते साखरेतून इलेक्ट्रॉन काढून घेतं. दुसरी तार ते रक्तातल्या ऑक्सिजनला देते. मधे वीज. आता यात जस्ताच्या जागी काय आहे?"

"साखर," हेमांगी म्हणाली. मग हळू म्हणाली, "ऊर्वीची."

"ठोक्यांवर नुसती पाळत ठेवायला राखणीला जवळजवळ काही लागत नाही. धक्क्यासाठी लागते ती वीज ती थेंबाथेंबानं साठवते. पूर्ण भरली की दोन धक्के देता येतात. पण झलक महाग पडते. शरीराच्या आतून, मांस-हाडांमधून लहरी बाहेर फेकायच्या. वीस झलका म्हणजे एक धक्का. काल चोवीस तासांत किती झलका घेतल्या गेल्या, माहितेय?"

"चाळीस?"

"तीनशे दहा."

हेमांगीनं पुढे वाकून पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला.

"एवढी वीज द्यायला रक्तघट जोर लावून साखर ओढतोय. मोठ्या माणसाला जाणवलंही नसतं. साडेतीन वर्षांच्या पोरीकडे साठाच केवढा असतो? साखर खाली आली की घटही मंदावतो, मग राखण धक्क्याच्या साठ्यातून उचलते. तो साठा आज अर्ध्या धक्क्यालाही पुरणार नाही."

"म्हणजे या दिवसांत जर..."

"गेले आठ दिवस तिला राखण नव्हतीच. तुम्ही बघत होता, एवढंच."

हेमांगी उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली. "बनवणाऱ्यांनी बंधन नाही घातलं? कोणीही कितीही वेळा बघावं?"

"त्यांनी धरलं होतं, दिवसाला दहा-बारा वेळा बघतील. एका मुलामागे एक आई धरली होती. आपल्याकडं एका मुलामागं अख्खं गोत असतं, हे त्यांना कुठून सुचणार?"

हेमांगीनं तिथल्या तिथे फोन काढला आणि राखणीच्या यादीतून एकेकाचं नाव उडवलं. पुणे, मस्कत, सासूबाई, सुयशसुद्धा. "चोवीस तास डोळे लावून बसलेत. कामधंदे नाहीत माणसांना. त्या आत्येसासूबाई तर..."

"हेमांगी." डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. "कोणत्या फोनवरून किती, तेही नोंदीत आहे. बाकी सगळ्यांच्या मिळून सत्तर आहेत."

पलीकडून ऊर्वी नर्सला विचारत होती, "तुझ्याकडे पण दाणा आहे?"

उरल्या दोनशे चाळीस. दर चार मिनिटांनी एकदा, हेमांगीनं मनाशी हिशेब केला. जागेपणीचा सगळा दिवस.

दोन दिवस ऊर्वीला तिथंच ठेवलं. बाहेरून चिकटपट्ट्यांच्या वायरी लावून ठोक्यांवर लक्ष, आणि रक्तघट सावकाश, तिची साखर न ओढता चालू. साठा भरला. ऊर्वी गादीवर उड्या मारायला लागली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "मी झलक पूर्ण बंद करू शकते. राखण तिचं काम करेल, तुम्हाला फक्त दिसणार नाही."

"पूर्ण नको. मी कमी करते ना. खरंच."

डॉक्टरांनी तिच्या एकटीच्या फोनवर दिवसाला तीन झलका ठेवल्या.

तीनातल्या दोन सकाळी नवाच्या आत संपायच्या. तिसरी ती संध्याकाळपर्यंत कशीबशी जपायची. पूर्वी काळजी वाटली की बघायचं आणि काळजी मिटायची, निदान चार मिनिटं. आता ती मिटायची सोयच राहिली नव्हती. पुण्याचे फोन पुन्हा सुरू झाले. "कशी आहे गं?" "बरी आहे." "बघितलंस का?" "डोळ्यांनी बघितलं, आत्याबाई." "तसं नाही गं, आतून?"

तिसऱ्या आठवड्यात ऊर्वीला सर्दी झाली. दोन दिवस ती धड जेवली नाही. पेज चार चमचे, वरणभात दोन घास. रक्तघट मंदावला असणार, हे हेमांगीला कळत होतं. कळत असूनही तिनं दोन्ही दिवस तिन्ही झलका घेतल्या. पोर आजारी असताना बघायचं नाही, तर कधी बघायचं?

तिसऱ्या दिवशी ऊर्वीनं पोहे मागितले आणि बालवाडीत जायचा हट्ट धरला. सर्दी गेली होती. हेमांगीनं आठला एकदा बघितलं, पावणेनऊला एकदा. ठोके छान. सोडून आली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बालवाडीच्या सुलभाताईंचा फोन आला.

"ऊर्वीची आई, जरा येताय का? पकडापकडी खेळता खेळता बसली बघा. पांढरी पडलीय. हाक मारतेय तर डोळे उघडेना."

"आडवी करा तिला. रुग्णवाहिकेला फोन करायला सांगा कुणाला तरी. मी आले. फोन ठेवू नका."

ती चप्पल न घालताच जिना उतरली. पळता पळता फोन हातात होता, आणि पडद्यावर हिरवं बटण. आत्ता पाहा. एक शिल्लक. भोवळ असेल? की वीज वाट चुकलीय? दाबलं तर अर्ध्या मिनिटात कळेल. तिचा अंगठा बटणावर आला. अंगठ्याला सवय होती, तो आपला आपण जायचा. कळल्यावर ती काय करणार होती? आणि याच क्षणी आत, फासळ्यांच्या मागं, राखणीला कणन् कण लागत असेल तर?

"सुलभाताई, श्वास आहे का?"

"कळत नाही हो... कळत नाही..."

हेमांगीनं अंगठा तोंडात घातला आणि दातांखाली धरला. तशीच पळाली.

"अहो, अंग उडालं तिचं!" सुलभाताई ओरडल्या. "झटका बसल्यासारखं!"

"मग? ताई, मग?"

"काही नाही... तशीच पडलीय."

चौकातला रिक्षावाला हेमांगीवर ओरडला. तिला तो दिसलाही नव्हता. फोनमधून कुणातरी मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता, पण तो ऊर्वीचा नव्हता. ती पोरीचं रडणं शंभरात ओळखायची. ती पळत होती आणि ऐकत होती. बालवाडीचं फाटक दिसलं, तेव्हा फोनमधून सुलभाताईंची किंकाळी आली, "परत उडालं!" आणि तिच्यामागून एक चिरका, संतापलेला आवाज. "आईऽऽ!"

हेमांगी फाटकाला धरून खाली बसली.

दुपारी तीनला ऊर्वी मिरजेच्या त्याच खोलीत होती, अंगाला वायरी, हातात बिस्कीट. दारात सुयश उभा होता, ढालगावहून तसाच आलेला, हेल्मेट हातात. मालनताई नातीचे पाय चोळत होत्या. हेमांगी डॉक्टरांसमोर बसली होती. अंगठ्यावर दातांचे वळ होते.

"पहिला धक्का हृदयानं घेतला नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "असं होतं कधीकधी. राखणीनं दुसरा दिला. दुसऱ्यासाठी तिनं अगदी तळ खरवडला. त्यानंतर जे उरलं, ते एका झलकेलाही पुरलं नसतं."

"तेव्हा माझी एक राहिली होती," हेमांगी म्हणाली. "तिसरी. मी बटणावर अंगठा ठेवला होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"दाबलं असतं, तर काय झालं असतं?" हेमांगीनं विचारलं.

"तुम्हाला दिसलं असतं. तिचं हृदय बंद पडताना, शेवटच्या थरथरीपर्यंत. चित्र अगदी स्वच्छ आलं असतं."

सुयशनं तोंड फिरवलं. पलीकडे मालनताईंचा फोन वाजायला लागला, पुण्याचा. त्यांनी तो उचलला नाही.

"बंद करा," हेमांगी म्हणाली. "तिन्ही. कायमच्या."

"विचार करून सांगा. मग उद्या ती शाळेत जाईल, सहलीला जाईल, कॉलेजात जाईल. राखण आत तिचं काम करत असेल किंवा नसेल. तुम्हाला काहीही कळणार नाही. वर्षातून एकदा इथं याल, तेव्हा काय ते."

"करा."

डॉक्टरांनी पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि थांबल्या. "हे पुन्हा सुरू करायचं झालं, तर घरातल्या एका माणसाची संमती लागते. एकच नाव घालता येतं. बहुतेक वेळा आईचं घालतो."

ऊर्वीनं बिस्किटाचा तुकडा उंच धरला आणि हाक मारली, "आई, बघ!"

हेमांगीनं वळून पाहिलं, आणि पाहता पाहताच म्हणाली, "कोणाचंही घाला. माझं घालू नका."