प्रतिक्रिया बंद आहेत

"मागून मारलं त्यांना," फिटरची बायको म्हणाली. "खाली पडल्यावरही मारत राहिले. डोकं ओळखू येत नव्हतं, ताई. मी शर्टावरून ओळखलं."

हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. भाऊजींनाच पाण्याचा ग्लास उचलावा लागला.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. थोरला भाऊ ही डिटेक्टिव्ह एजन्सी मागे ठेवून गेला तेव्हा ती बंद होणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. वहिनींनी ती चालवून दाखवली. भाऊजी ट्रक सोडून त्यांची गाडी चालवायला आले. पाठ दुखत होती हे कारण त्यांनी सांगितलं, आणि वहिनींनी ते मान्य केल्यासारखं दाखवलं.

"पोलीस काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"कारखान्याने माणसं पाठवली असतील, म्हणतात. यांच्या ब्लॉगमुळे."

फिटर पंचवीसेक वर्षं भांडी ठोकण्याच्या कारखान्यात होता. तिथल्या पत्रा दाबायच्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं खाल्ली. नोकरी सुटल्यावर त्याने ब्लॉग सुरू केला. कारखान्यात कुणाचा हात गेला, कुणाचा डोळा, का गेला, सगळं मॅनेजरच्या नावानिशी. खाली कामगार नाव न सांगता प्रतिक्रिया लिहायचे, आणि लेखापेक्षा जास्त त्याच गाजायच्या. गेल्या महिन्यात एक नवा कामगार प्रेसखाली खांद्यापर्यंत सापडून मेला, तेव्हापासून तर प्रतिक्रियांचा पूर आला होता.

"आणि त्याच दिवशी ब्लॉगही फोडला," बायकोने मोबाइल पुढे केला. "मी माहेराहून येताना बसमध्ये हे पाहिलं. घरी पळत आले, तर वर्कशॉपचं दार उघडं."

पडद्यावर काळं पान होतं. मधोमध लाल अक्षरं: 'बोटं गेली, आता डोकंही गेलं.' लेखांवर टिचकी मारली की लेख उघडत होते. प्रत्येकाच्या तळाशी मात्र एकच ओळ होती: प्रतिक्रिया बंद आहेत.

"मला खुनी हवा," ती म्हणाली. "आणि त्या प्रतिक्रिया परत हव्यात. लोकांनी जिवावर उदार होऊन लिहिलंय ते."

*

वर्कशॉप घरामागे होतं. पत्र्याची खोली, एक लांब टेबल, त्याखाली हत्यारांची पेटी, कडेला जखडलेला लोखंड पकडायचा वाइस. इन्स्पेक्टर वहिनींना ओळखत होते. त्यांनी सील काढून आत सोडलं आणि दारातच उभे राहिले.

रक्त छतापर्यंत उडालं होतं. भाऊजींनी नजर टेबलावर नेली, तर तिथे फिटरचा लॅपटॉप. बंद झाकणावर वाळलेले शिंतोडे.

वहिनींनी हातमोजे चढवून झाकण उचललं. आत कीबोर्ड धुतल्यासारखा स्वच्छ होता. फक्त कोपऱ्यातल्या बोट ठेवायच्या बटणावर तपकिरी डाग होता.

"शवविच्छेदनात आणखी काही?" वहिनींनी विचारलं.

"डाव्या हाताची करंगळी मोडलेली," इन्स्पेक्टर म्हणाले. "मेल्यानंतर. मूठ आवळलेली होती, त्यातून पिळून बाहेर काढली असावी. दुसऱ्या कुठल्याच बोटाला हात लावलेला नाही."

"छळ केला असेल," भाऊजी म्हणाले.

"मेलेल्याचा?" वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी झाकण मिटलं.

*

कारखान्याच्या फाटकावर दोन रखवालदारांनी गाडी अडवली. एकाने वहिनींच्या दंडाला हात घातला. पुढच्या क्षणी तो नाक धरून जमिनीवर बसला होता आणि त्याच्या बोटांतून रक्त वाहत होतं. दुसऱ्याची काठी भाऊजींच्या बरगडीत बसली. ती काठी काढून घेऊन भाऊजींनी गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात परत दिले.

"आता आत कळवा," वहिनी पदर सारखा करत म्हणाल्या.

मॅनेजर गोरामोरा होऊन बसला होता. "मी खून करवला? उलट मला त्या हॅकरचाच राग आलाय! हे बघा." त्याने स्वतःचा कॉम्प्युटर वळवला. "काळं पान लावलं, शिव्या दिल्या, आणि माझ्यावरचे लेख? सगळे जसेच्या तसे! अजूनही माझं नाव दिसतंय. असला कसला शेळपट हॅकर?"

"तुम्ही फिटरच्या घरी कधी गेला होतात?"

"त्याचं घर कुठे आहे हेही मला ठाऊक नाही. वकील पाठवतो मी, गुंड नाही."

"फाटकावर मग कोण होते?" भाऊजींनी विचारलं.

*

ब्लॉगची तांत्रिक बाजू सांभाळणारा कॉम्प्युटरवाला आपल्या टीचभर दुकानात तारांच्या जंजाळात बसला होता. डोळे सुजलेले. फिटरला तो मानत असे.

"लेखांना धक्का नाही," तो म्हणाला. "प्रतिक्रियांचा कप्पा मुळासकट उपटलाय. आणि नवीन कुणी लिहू नये म्हणून सगळीकडे बंदी घातलीय. पण माझ्याकडे रोज पहाटे आपोआप निघणारी प्रत असते. आधी पासवर्ड बदलतो, घुसवलेलं पान काढतो, मग जुन्या प्रतिक्रिया जागच्या जागी बसवतो. घाई केली तर एका लेखाच्या प्रतिक्रिया दुसऱ्याला चिकटतील."

"ब्लॉगची किल्ली कुणाकुणाकडे?"

"त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. मी इथूनच बसून सगळं करतो. त्यांना पासवर्ड लक्षात राहायचे नाहीत, म्हणून त्यांच्या लॅपटॉपमध्ये साठवून दिले होते. लॅपटॉप उघडला की ब्लॉग उघडा."

"आणि लॅपटॉप?"

"बोटाच्या ठशावर. त्यातही काय कटकट! उजवा हात तसा, आणि डाव्याची बोटं वेल्डिंगने भाजून गुळगुळीत झालेली. शेवटी डावी करंगळी तेवढी मशीनने ओळखली."

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, हाच तो. करंगळीचं यालाच माहीत."

"याला करंगळीची गरज काय?" एवढंच म्हणून वहिनी खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

*

फोरमन घरीच भेटला. उंच, रुंद, मनगटं लोखंडासारखी. फिटरचा सगळ्यात जुना दोस्त. बोटं तुटली तेव्हा रक्तबंबाळ फिटरला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारा हाच. फिटरच्या बायकोने सांगितलं होतं, की संध्याकाळ झाली की हा यायचा आणि दोघं लॅपटॉपला डोकं लावून प्रतिक्रिया वाचत बसायचे.

"शेवटची भेट कधी झाली?" वहिनींनी विचारलं.

"तो जायच्या आधी आठवडाभर भेट नाही, की फोन नाही. कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत होतो." त्याने डोळे पुसले. "त्याला किती सांगितलं, बाबा रे, पुरे कर. ऐकेल तर शपथ."

"तो नवा कामगार मेला, त्या प्रेसची जाळी काढलेली होती म्हणे. हात आत गेला की मशीन थांबवणारी."

"मॅनेजरचा हुकूम. माल लवकर हवा ना त्याला! मी त्या दिवशी गोदामात होतो." तो खिन्न हसला. "आता कुणाची छाती आहे बोलायची? प्रेसवाले गप्प, गोदामवाले गप्प. आणि पॅकिंगची ती बाई, तिला तर आज ना उद्या हाकलतीलच."

भाऊजींना गलबलून आलं. निघताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

*

दोन दिवसांनी दुपारी वहिनींनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. फिटरची बायको स्टुलावर बसली. कॉम्प्युटरवाल्याने आपला लॅपटॉप टेबलावर मांडला. फोरमन वाइसला टेकून उभा होता, इन्स्पेक्टर दारात. भिंतीवरचे डाग कुणी पुसले नव्हते.

"हॅकर कुणी नव्हताच," वहिनींनी सुरुवात केली. "फिटरला मारलं तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता. म्हणून झाकणावर रक्त आणि कीबोर्ड कोरा. पण ठशाच्या बटणावर रक्त आहे. म्हणजे खुनानंतर कुणीतरी तो उघडला. मेलेल्या माणसाचं बोट टेकवून."

फिटरच्या बायकोने तोंडावर हात दाबला.

"त्या पानावर काय लिहिलं होतं? डोकं गेलं. जाईल असं नाही, गेलं. बाहेरच्या जगाला अजून खून माहीत नव्हता. ज्याने डोकं फोडलं, त्यानेच हात पुसून इथे बसून ते टाइप केलं."

"मॅनेजरची माणसं," फोरमन म्हणाला.

"मॅनेजरच्या माणसाने आधी मॅनेजरवरचे लेख उडवले असते. इथे लेख शाबूत आणि प्रतिक्रिया गायब. शिवाय एकच बोट मोडलंय. बाकीची बोटं कुणी टेकवूनही पाहिलेली नाहीत. कुठलं बोट चालतं हे मारणाऱ्याला आधीच माहीत होतं."

कॉम्प्युटरवाला पांढराफटक पडला. "मी... मीच नोंदवलं होतं ते."

"तुम्हाला ब्लॉग तुमच्या दुकानातून उघडता येतो. मुडद्याची मूठ कशाला सोडवाल? आणि पहाटेची प्रत तुमच्याकडे असताना ती आम्हाला देऊन कशाला बसाल? या ताईंनाही करंगळी माहीत होती, पण त्या बसमध्ये होत्या. कंडक्टरने ओळखलंय. उरला तो, जो रोज संध्याकाळी शेजारी बसायचा."

फोरमन हसला. "दोस्ती केली म्हणून खुनी?"

"नाही. तुमच्या तोंडून एक शब्द निसटला म्हणून." वहिनींनी मान हलवली. कॉम्प्युटरवाल्याने पडदा फिरवला. "फिटर गेला त्याच्या आदल्या दिवशी एक प्रतिक्रिया आली होती. मंजुरीसाठी थांबलेली. ती फिटर आणि हे कॉम्प्युटरवाले सोडून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. वाचा, भाऊजी."

भाऊजींनी अडखळत वाचलं. "'मी पॅकिंगमध्ये काम करते. जाळी मॅनेजरने काढली नाही. फोरमनने स्वतः पान्याने काढली. त्या कामगाराने नको म्हटलं, तर त्याला कानफटात मारून मशीनवर उभं केलं. मी काचेतून पाहिलं.'"

फोरमन वाइसपासून सरळ झाला.

"आज सकाळी त्या बाईला भेटले," वहिनी म्हणाल्या. "तिने हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मग 'पॅकिंगची ती बाई' बोलणारी आहे हे तुम्हाला कुठून कळलं, फोरमन? आठवडाभर तर फिटरची भेट नव्हती, फोन नव्हता. ही एकच प्रतिक्रिया खोडून भागलं नसतं. तिने पुन्हा लिहिली असती. म्हणून सगळ्याच खोडल्या, दारच लावून घेतलं आणि वर हॅकरचं सोंग केलं."

"त्याने मला बोलावून विचारलं," फोरमन एकदम ओरडला. "मला! मी खांद्यावर नेला होता त्याला! म्हणाला, खरं असेल तर तुझंही नाव छापणार—"

बोलता बोलता त्याचा हात टेबलाखाली गेला आणि हातोडा घेऊन वर आला. तो वहिनींच्या डोक्यावर उतरणार, तोच भाऊजी हात आडवा घालून मध्ये आले. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भाऊजींनी दुसऱ्या हाताने फोरमनचे केस धरले आणि त्याचं तोंड वाइसवर आपटलं. एकदा. पुन्हा. दात टेबलावर उडाले. तिसऱ्यांदा आपटणार, तेव्हा इन्स्पेक्टर आणि कॉम्प्युटरवाला दोघं मिळून त्यांच्या अंगावर पडले.

"पुरे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच कापत होता. "त्याला बोलता आलं पाहिजे कोर्टात."

*

भाऊजींचा हात प्लास्टरमध्ये गेल्यावर एका सकाळी ते आणि वहिनी पुन्हा त्या घरी गेले. कॉम्प्युटरवाल्याने शेवटची बंदी उठवली. पॅकिंगच्या बाईने हो म्हटल्यावर तिची प्रतिक्रिया पहिल्यांदा झळकली. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले.

पहिली नवी प्रतिक्रिया लवकरच आली. नाव नव्हतं. 'नवऱ्यासारखीच मरशील. दुकान बंद कर.'

"खोडतो," कॉम्प्युटरवाला पुटपुटला.

"थांबा." फिटरच्या बायकोने खुर्ची पुढे ओढली. तिने ती प्रतिक्रिया मंजूर केली आणि खाली एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं: 'ये. मी घरीच असते.'

धडक्या हाताने भाऊजींनी दुसरी खुर्ची उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून तिच्यावर बसले.