सवाष्णीचा दिवा

त्या वर्षांत खेडोपाडी माणूस गेलं की नाही, हे दिवा पाहून ठरू लागलं होतं.

दिवा अगदी स्वस्तातला. वर तळहाताएवढं सौर पॅनल, खाली प्लॅस्टिकची डबी आणि पुढे आखूड नळीत बसवलेला एकच एलईडी. लांबच्या गावांपर्यंत वीज पोचवणं परवडेना, तेव्हापासून घरोघर हाच दिवा होता. त्याला सोबतदिवा म्हणत, कारण समोर माणूस असेपर्यंतच तो जळायचा. बॅटरी नखाएवढी, त्यामुळे रिकाम्या खोलीत उजेड वाया घालवून चालणार नव्हतं. त्याआधीचे दिवे हालचाल ओळखून लागायचे. पण वाचत बसलेलं माणूस जरा स्थिर झालं की ते विझायचे आणि लोक वैतागायचे. सोबतदिवा हालचाल पाहत नव्हता. तो काळजाचे ठोके पाहत होता.

ही किमया एलईडीच्याच एका गुणात होती. एलईडीला वीज दिली की तो उजेड देतो. पण वीज काढून उलटी जोडणी केली, तर तोच एलईडी उजेड पाहू शकतो. सोबतदिव्याच्या एलईडीत शेजारी-शेजारी दोन कण असत आणि ते आपल्या डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने आलटून-पालटून लागत. विझलेला कण जळत्या कणाचा, समोरच्या कातडीवरून परत येणारा उजेड पाही. काळीज ठोका देतं तेव्हा चेहऱ्यात किंचित जास्त रक्त येतं आणि कातडी किंचित कमी उजेड परत पाठवते. हा फरक आपल्याला दिसत नाही, दिव्याला दिसतो. ठोके दिसले की तो जळत राही, दिसेनासे झाले की मिनिटाभरात विझे.

लोकांनी त्यातून आपला उपयोग काढला. आजारी माणसाच्या उशाशी पाटावर दिवा ठेवायचा, खोली अंधारी करायची, बाकीच्यांनी हातभर मागं सरकायचं. दिवा आहे तोवर माणूस आहे. डॉक्टर तासाभराच्या वाटेवर, दिवा घरात. दिवा गेल्याचं दोन शेजाऱ्यांनी सांगितलं की ग्रामपंचायत मृत्यूचा दाखला देऊ लागली. नाकाशी कापूस धरून बघायची जुनी रीत लोक विसरून गेले.

डॉ. शर्वरी निमकर हे दिवे उघडून पाहायचं काम करत. जिल्ह्याच्या गावी तपासणी केंद्र होतं, तिथे त्या दिवसभर स्वस्त वस्तू खोलत बसत. खेळणी, टॉर्च, उन्हावर चालणारे पंखे. कशात काय घातलंय आणि कुठे काटकसर केलीय, हे शोधायचं. तिथे एका दुपारी उत्तरेश्वर गवसाने नावाचा शिंपी पिशवीत सोबतदिवा घेऊन आला. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्याचे केस नुकतेच वाढू लागलेले.

"बिघडलाय का?" शर्वरीताईंनी विचारलं.

"न्हाई ताई. चांगला हाय, हे लिहून पाहिजे."

"चांगला असल्याचं लिहून कशाला?"

"देवळात ठेवायचा म्हणतेत."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"माझ्या मंडळीचा हाय," तो म्हणाला. "वैजयंता. दोन महिने झाले."

त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि दिवा खोलायला घेतला. चार स्क्रू काढल्यावर आत फारसं काही नव्हतं. बॅटरी, सर्किटची एक छोटी पाटी, तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका.

"एवढंच?" उत्तरेश्वर म्हणाला. "ह्याच्यापेक्षा माझ्या शिलाई मशिनीत जास्त सामान हाय."

"ह्या काळ्या थेंबाखाली सगळी अक्कल आहे. आणि हा पुढचा एलईडी. पांढरा दिसतो ना? पण मुळात तो निळा असतो. निळ्या कणावर पिवळी पूड बसवतात, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं वाटतं."

"म्हंजे पांढरा हायच न्हाई."

"नाही. आणि बघतो तेव्हासुद्धा त्याला फक्त निळं दिसतं. महागड्या यंत्रांत बघायला वेगळा डोळा असतो. इथे पैसे वाचवायला एकाच एलईडीकडून दोन्ही कामं करून घेतलीत." त्यांनी पाटीला तारा लावून मोजून पाहिलं. "चालतोय नीट. देवळात का ठेवायचाय?"

तेव्हा त्याने सांगितलं.

वैजयंताला साखरेचा आजार होता. रोज इन्सुलिनची सुई घ्यायची. त्या आठवड्यात ताप होता, पोटात अन्न ठरत नव्हतं, पण सुई चुकवायची नाही म्हणून घेतली. सकाळी ती उठलीच नाही. हातपाय गार, अंग घामाने भिजलेलं, हाक मारली तर ओ नाही. श्वास चाललाय की नाही कळेना. दिवा मात्र जळत होता. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. दुपार झाली तरी दिवा जळतोच आहे. बायका म्हणाल्या, जीव अडकलाय.

"मग शेजारच्या भागाकाकू म्हणल्या, अरे, सवाष्ण बाई हाय, बिनहळदीची कशी जाईल? तिला हळद-कुंकू करा. माझी लेक रेणुका माहेरपणाला आलती. तिनं हळद कालवली आन आईच्या तोंडाला, कपाळाला, गळ्याला लावली. हिरवं पातळ नेसवलं. आन ताई, हळद लागली तसा दिवा गेला. सगळ्यांनी बघितलं. हळदीसाठीच थांबली होती बघा."

शर्वरीताईंच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

"आता आजूबाजूच्या गावांत पण तसंच करतेत," तो सांगत होता. "सवाष्णीचा दिवा अडकला की हळद लावतेत. लगेच जातो. बाया रेणुकाचा हात बघायला येतेत. लेक आधी लई रडायची. आता म्हणती, आईची शेवटची इच्छा माझ्या हातनं झाली. मला बी बरं वाटतं. पण एक शिकलेला पोरगा म्हणला, दिवा बिघडला असंल. म्हणून म्हणलं, तुमच्याकडनं लिहून घ्यावं."

"तुम्ही चहा घेऊन या बरं," त्या म्हणाल्या. "खाली कँटीन आहे. सावकाश या."

तो गेल्यावर त्यांनी शिपायाला पाठवून चिमूटभर हळद मागवली. पडदे ओढले. दिवा जोडून त्याच्यापुढे आपला हात धरला. दिवा लागला. मग हळद पाण्यात कालवून त्यांनी हाताला लावली आणि पुन्हा धरला.

हळद आपल्याला पिवळी दिसते, कारण ती निळा उजेड गिळते. ज्याला निळ्याशिवाय काही दिसत नाही, त्याला हळदीचं अंग कोळशासारखं दिसतं. तिथून काहीच परत येत नाही. ठोका नाही, कातडी नाही, माणूस नाही.

दिवा मिनिटभर जळला आणि विझला. त्यांनी हात साबणाने धुतला. हळदीचा डाग राहिला होता. दिवा काही त्या हातासाठी लागला नाही.

"ताई, अंधार कशाला केलाय?" उत्तरेश्वर दारात चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. त्याने विझलेला दिवा पाहिला. मग त्यांचा पिवळा हात पाहिला. ग्लास खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"तुमचा हात जिता हाय," तो म्हणाला.

"हो."

"आन दिवा गेला."

"हो. दिवा जळत असेल तर समोर माणूस नक्की आहे. पण विझला याचा अर्थ एवढाच, की त्याला दिसत नाहीये. माणूस गेलं असं तो सांगत नाही. कधीच सांगत नव्हता. ते आपण धरून चाललो."

"म्हंजे ती होती का?"

"ते मला माहीत नाही."

"तुम्ही शिकलेली माणसं सरळ हो-न्हाई का म्हणत न्हाई?"

"हळद लावेपर्यंत होती. एवढं नक्की आहे. त्यानंतरचं कुणीच सांगू शकणार नाही."

"आमी तिला दिवस बुडायच्या आत नेली." त्याने ग्लास टेबलावर ठेवले. "साखर उतरली असंल का? आधी एकदा झालं होतं. तवा डॉक्टरनं शिरेतनं साखर दिली, आन जरा वेळानं उठून बसली. मला म्हणली, भाकरी का टाकली न्हाई अजून कुणी."

शर्वरीताईंनी उठून पडदे उघडले.

"हे कुणाला बोलू नका," तो म्हणाला.

"गवसाने, आत्तासुद्धा कुठेतरी कुणीतरी हळद कालवत असेल."

"असंल. पण माझी लेक पोटुशी हाय. तिच्या हातनं आईला... तिला काय सांगू? तू हळद लावली न्हाई, तू आईला चितेवर धाडलं?"

"तिने चुकून केलं. तिला माहीत नव्हतं."

"तुमची आई हाय का?"

"आहे."

"मग तुम्हाला हे बोलणं सोपं हाय."

तो दिवा न घेताच गेला. त्यांनी अहवाल लिहून ठेवला, पण दोन दिवस पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"रेणुकाला सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापरीस माझ्याकडनं बरं. आता तुम्ही सांगा सगळ्यांना."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. ऐकून घेतलं. मग इचारलं, बाबा, हळद लावताना मला तिचं कपाळ ऊन लागलं होतं, ते तापाचं का जिवाचं?"

त्या अहवालानंतर गावोगावच्या फोनवर आणि देवळांच्या कर्ण्यांवरून सूचना दिली गेली. कुणालाही कळेल असं सोपं लिहिलं होतं: हळद लावलेला चेहरा सोबतदिव्याला दिसत नाही, जिवंत माणसासमोरही दिवा विझतो, डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय हळद लावू नका. लोकांना ते नीट समजलं. सवाष्णींना हळद लावणं थांबलं. एका गावात तर अशाच एका बाईला दवाखान्यात नेलं आणि ती वाचली. शर्वरीताईंनी ते उत्तरेश्वरला मुद्दाम फोन करून कळवलं. तो बरं म्हणाला. रेणुका बाळंत झाली, मुलगी झाली. तिच्या घरी भाजीत हळद पडत नव्हती. सासरचे कुरकुरायचे, ती ऐकून घ्यायची.

दिवे मात्र कुणी परत केले नाहीत. अंधारात राहणार कसं? आणि दाखल्याची रीतही होती तशीच राहिली, कारण डॉक्टर अजून तासभर लांबच होते.

सुगीच्या दिवसांत उत्तरेश्वर शेजारच्या गावी कपडे पोचवायला गेला होता. तिथे गयाबाई म्हणून एक म्हातारी वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. तिचं खाणंपिणं, हागणं-मुतणं सगळं तिचे दोन मुलगे आणि सुना करत. ती गेल्याचं कळलं म्हणून तो दारातून आत डोकावला. अंगणात बांबू येऊन पडले होते. खोली अंधारी केलेली, उशाशी पाटावर दिवा, विझलेला.

म्हातारीचा चेहरा पिवळाधमक होता.

उत्तरेश्वर उभा राहिला. गयाबाईचा नवरा जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. विधवेच्या अंगाला हळद लागताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने वळून अंगणातल्या थोरल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा बांबूची दोरी आवळत होता, त्याने वर पाहिलं नाही.

"हळद कुणी लावली?"

"लावली घरच्यांनी," धाकटा म्हणाला. "चांगलं दिसतं म्हणून."

उत्तरेश्वर आत जाऊन गुडघ्यावर बसला आणि त्याने म्हातारीच्या गळ्याला हात लावला. गळा ऊन होता. बोटाखाली काहीतरी हललं, का आपलंच बोट थरथरलं, हे त्याला ठरवता येईना. तो आणखी वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात त्याच्या गालाजवळचा दिवा लागला.

दारातल्या बायका दचकून मागं झाल्या.

"पाणी आणा," उत्तरेश्वर म्हणाला. "डॉक्टरला फोन लावा कुणीतरी."

कुणी हललं नाही. मग थोरला उठून जवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला समजावून सांगावं तसा तो बोलला.

"काका, तो तुमच्या तोंडाकडं बघून लागलाय. तुमी जरा मागं सरका."