पिठातला हात

बातमी आली त्या दिवशी बलभीम हरभऱ्याच्या रानात तुषार सिंचनाच्या नळ्या बदलत होता. वीज दुपारी तीनपर्यंतच होती, म्हणून घाई चालली होती. बांधावर काढून ठेवलेल्या सदऱ्यात फोन वाजत राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं ओल्या हातानं उचलला. पलीकडं व्यंकट होता, त्यांच्याच माकणी गावातला पिकअपवाला.

"दादा, तुमचा धाकला कृष्णराज कुठाय?"

"शहरात गेलाय सकाळी. त्याच्या हर्षालीला गॅदरिंगचे बूट पायजेत म्हणं. तिलाबी संगं नेलंय. का रं?"

 व्यंकट म्हणाला, "तुमी रानातच थांबा. म्या गाडी घिऊन येतो."

बलभीमनं फोन ठेवला आणि उरलेल्या दोन नळ्या बदलल्या. असं का केलं, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

शहरातल्या बाजारात दोन स्फोट झाले होते. पहिला लहान होता, माणसं एका अंगाला पळावीत म्हणून केलेला. दुसरा ती जिथं पळाली तिथं झाला.

सरकारी दवाखान्यात शवागार भरलं होतं, म्हणून पडवीत चादरी अंथरून गाठोडी मांडली होती. फिनेल मारलं होतं, तरी वास जळालेल्या केसांचाच येत होता. तिथल्या माणसानं तोंडावरचा रुमाल सारखा केला. "तुमचा माणूस कशावरून वळखताल?"

"लाल करदोडा असंल कमरंला. मायनं बांधलेला."

चौथ्या गाठोड्यात करदोडा होता. त्याच्याखाली काही नव्हतं. चेहरा एका बाजूनं भावाचा होता, दुसऱ्या बाजूला चेहरा नव्हता. उजवा हात मात्र शाबूत होता, आणि त्या हाताच्या मुठीत एक लहान हात होता. डावा, कोपरापासून तुटलेला. मनगटावर काळा-हिरवा धागा.

"लेकरू तुमचंच का?"

बलभीमनं मान डोलावली.

"सोडवून येगळं बांधू?"

"नगं. ऱ्हाऊ द्या. बापाच्या हातात हाय."

त्यानं कागदावर सही केली. पडवीच्या पायऱ्या उतरतो तोच व्यंकट धावत आला.  "दादा... हर्षाली वरच्या वॉर्डात हाय... जित्ती हाय!"

सात वर्षांची पोर खाटेवर बसली होती. कपाळात काचा घुसल्या होत्या, एका कानानं ऐकू येत नव्हतं. बलभीम तिच्या हातांकडं बघत राहिला. दोन्ही हात जागच्या जागी होते. मनगटावर धागा नव्हता.

खाली आला तेव्हा गाठोडं शिवून झालं होतं. रुमालवाल्या माणसानं विचारलं, "सगळं बराबर हाय ना? काय चुकलं असलं तर आत्ताच सांगा. मग तपासणीला आठ-दहा दिवस जातेत."

उंबऱ्यात बसलेली माय बलभीमच्या डोळ्यांपुढं आली. भावजय दैवशालाही आली. आठ दिवस त्या दोघींना काय सांगायचं?

"बराबर हाय," तो म्हणाला.

मातीला पंचक्रोशी लोटली. घोषणा झाल्या. पारावर पोरं फोनमध्ये डोकं घालून स्फोटाचा व्हिडिओ पुन्हापुन्हा बघत होती, आणि कुणाला धरून कसं कापायचं हे मोठी माणसं लेकरांच्या देखत बोलत होती. बलभीम सरणाकडं बघत होता. त्या धाग्यावरून काही कळत नव्हतं. दर्ग्याचा तसला धागा गावातल्या निम्म्या लेकरांच्या हातात होता, सगळ्या जातींच्या, सगळ्या घरांच्या. ज्यांचं लेकरू होतं ते त्याला जाळणारे होते की पुरणारे, हेसुद्धा ठाऊक नसताना त्यानं अग्नी दिला.

रीतीप्रमाणं गिरिजाबाईंनी, म्हणजे बलभीमच्या मायनं, गाठोडं टेकवलं होतं त्या जागी पीठ पसरलं. त्यावर दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. तिसऱ्या दिवशी टोपलं उचलायचं. पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला माणूस गेला म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे भोवती बसले. टोपलं उचललं. दिवा जळत होता. पिठात पाचही बोटं रुतवून एक लहान पंजा उमटला होता. मनगटाच्या जागी धागा दाबल्यासारखी आडवी रेघ होती.

गिरिजाबाई रडता रडता हसल्या. "लेकरू हुन यायलाय माजा कृष्णा!"

दैवशालानं पदर तोंडाशी धरला होता. "आत्याबाई, पाऊल उमटतंय म्हणत्यात. ह्यो... हात कसा?"

 बलभीम उठून बाहेर गेला आणि रांजणापाशी हात धूत राहिला.

त्यानंतर घरात पिठाचे ठसे सापडू लागले. पाण्याच्या टाकीवर, दाराच्या पत्र्यावर, सगळे कमरेच्या उंचीला. जेवताना कुणीतरी बलभीमच्या सदऱ्याची कड हलकेच ओढायचं. वळून बघावं तर भिंत. दैवशाला ते ठसे पुसून काढायची. दिवसाढवळ्या तो जळक्या केसांचा वास यायचा, आणि तो आला की हर्षाली डावा हात थोडा पुढं करून चालायला लागायची, कुणाला तरी धरून नेल्यासारखी.

शाळा सुटल्यावर गल्लीतली पोरं नवा खेळ खेळू लागली होती. बलभीमनं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा हर्षाली मधोमध उभी होती. कपाळावरच्या टाक्यांवर अजून पट्टी होती.

"धाड!" ती म्हणाली. आठ-दहा पोरं धुळीत पडली. ती एकेकाजवळ जाऊन सांगू लागली, "तुला पाय न्हायत. तुझं पोट बाहीर आलंय, धरून ठिव. तू हालू नगंस, तुला डोकंच न्हाय."

एक बारकी पोरगी उठून बसली. "ताई, मला कवाच्यान् मेलेलीच केलीया. मला पळणारी कर की."

"गप पड. पळणारेबी मरत्यात."

मग रुद्रेश नावाच्या शेजारच्या पोराला त्यांनी 'बॉम्बवाला' केलं. तो हसत पुढं आला. पहिला दगड पाठीत लागला तेव्हाही हसत होता. पारावरचं सगळं बोलणं पोरांना पाठ होतं, ते ओरडत ती दगड मारत सुटली. बलभीम मध्ये पडेपर्यंत रुद्रेशचं डोकं फुटलं होतं, कान रक्तानं भरला होता, आणि हर्षालीच्या उजव्या हातात विटेचा तुकडा होता. डावा हात तसाच पुढं धरलेला.

त्यानं तिला घरात ओढत नेलं. "अगं, जीव गेला असता त्याचा!"

ती शांत होती. "मोठे बाबा, मला ह्यो हात सोडवून द्या."

"कुठला हात?"

तिनं बाही वर केली. मनगटाभोवती चार बारीक बोटांचे निळे वळ होते आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा.

"पहिलं फुटलं तवा ते पोरगं एकलंच रडत हुतं... पप्पा म्हणले, तू हितंच पायरीवर थांब, म्या त्याला घिऊन येतो. पप्पांनी त्याचा हात धरला... मग दुसरं फुटलं." ती थांबली. "आता ते मला धरतंय. घरला सोड म्हणतंय. म्या कुठं सोडू, मला कुठं ठावं हाय?"

 गिरिजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पोर झोपल्यावर त्यांनी लेकाला समोर बसवलं आणि त्यानं पडवी, मूठ, सही, सगळं सांगितलं.

म्हातारीनं झोपलेल्या पोरीची बाही खाली ओढली.

"भूकंपात आमी एका सरणावर चार घरची माणसं जाळली," ती म्हणाली. "लाकडं नव्हती, दुसरं काय करताव? पर दुसऱ्या दिशी तुझा बाप घरोघर जाऊन सांगून आला. तुमचं माणूस आमच्या माणसासंगं गेलं, आमी पाणी पाजलं म्हणून. तू सांगितलंस का?"

"कुणाला सांगू, माय? कोण हायती ठावं न्हाय."

हे खोटं होतं. आदल्याच दिवशी व्यंकटनं फोनवर बातमी दाखवली होती. दवाखान्याच्या फाटकाशी एक बाई बसून होती. लेकराचं काहीच सापडलं नाही म्हणून उठत नव्हती. हातात फोटो होता. फोटोतल्या पोरानं फुगा धरलेला, डाव्या मनगटावर धागा. खाली नाव येऊ लागलं तेव्हा बलभीमनं फोन पालथा केला होता. नाव कळलं की ते लेकरू कुणाचं, जाळणाऱ्यांचं की पुरणाऱ्यांचं, हेही कळणार होतं, आणि मग पारावर काय बोलतील, हे त्याला ठाऊक होतं.

"सांगतो," तो मायला म्हणाला. "उद्या सांगतो."

त्याला आता महिना झाला. ती बाई अजून फाटकाशी असते, असं व्यंकट म्हणतो. हर्षालीच्या हातावरचे वळ रोज थोडे वर सरकतात. काल ते कोपराशी पोचले. तिथं कातडीवर एक बारीक लाल रेघ उमटली आहे, हाताभोवती पूर्ण फिरलेली. डॉक्टरांनी मलम दिलं आहे. दैवशाला ते सकाळ-संध्याकाळ लावते.

त्या लेकराच्या आईला बलभीमनं अजून काहीही कळवलेलं नाही.