दुसऱ्या मजल्यावरचा तास

विद्यापीठाच्या पहिल्या पिढीतल्या विद्वानांचा गौरव होणार होता. त्यांत माझे बाबाही होते. गणित विभाग त्यांनीच उभा केला. "सरांची एखादी वस्तू प्रदर्शनात ठेवू," असं कार्यालयातून कळवलं, म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी त्यांच्या जुन्या खोलीकडे गेले. शिपाईकाकांनी किल्ली दिली आणि ते सभागृहात खुर्च्या लावायला वळले.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. शेवटची तीन वर्षं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी घास भरवायचे, अंग पुसायचे आणि ते मलाच विचारायचे, "बाई, माझी मुलगी कधी येणार हो?"

"येईल हं," मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

जिना चढले. वर चिटपाखरू नव्हतं. जुन्या, दमट कागदांचा वास दाटून राहिला होता. कुलपाला किल्ली लावणार, तोच आतून आवाज आला... खडूचा. टक, टक, मग एक लांब रेघ. आणि बाबांचा तो खणखणीत आवाज, कुठेही न अडखळता शिकवणारा! भीती वाटली नाही, खरं सांगते. दाराला कान लावून मी नुसती रडत होते.

मग ते म्हणाले, "आज तास लवकर सोडतो. मुलगी यायची आहे."

"बाबा... आलेय मी."

खडू थांबला. पावलं दारापर्यंत आली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही फार केलंत माझं. पण आता जा... तुम्हाला बघून ती बुजेल."

मी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. फळा कोरा, टेबलावर बोटभर धूळ. काहीही न उचलता मी दार पुन्हा लावून घेतलं.

जिन्याच्या पायथ्याशी शिपाईकाका भेटले. "ताई, लेक वरच राहिली का?"

"मला मूलबाळ नाही, काका."

"मग ती सातआठ वर्षांची पोर कोण? तुमच्या मागोमाग वर गेली की! म्हणाली, बाबांनी बोलावलंय. एक वेणी पार सुटली होती तिची..."

आई गेल्यावर माझ्या वेण्या बाबाच घालायचे. डावी त्यांना कधी जमलीच नाही.

वर, बंद दाराआड, कुणीतरी बारीक आवाजात पाढे म्हणत होतं.